दुसरी खुर्ची : सहायक बिशपपदाची गोष्ट



मागे एका रविवारी उपासना संपल्यावर आम्ही काही जण नेहमीप्रमाणे खुर्च्या उचलून ठेवत होतो. तरुण संघातल्या एका मुलाने मोबाईलवर इंग्लंडच्या मंडळीची एक बातमी वाचली होती. त्यात कुणाची तरी ‘सफ्रगन बिशप’ म्हणून नेमणूक झाल्याचे लिहिले होते. त्याने आम्हाला विचारले, “सफ्रगन म्हणजे अर्धा बिशप का?” सगळे हसले. पण नीट उत्तर आमच्यापैकी एकालाही देता आले नाही. “सहायक बिशप असतो तो,” एवढे सांगून आम्ही वेळ मारून नेली. तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या एक आजी म्हणाल्या, “म्हणजे कमिटीतल्या सहचिटणिसासारखंच. काम त्याचं, सही दुसऱ्याची.” पुन्हा हशा झाला. पण आजींचे ते वाक्य आमच्या मनात राहिले. कारण ‘सह’ किंवा ‘उप’ लागलेले पद मिळाले म्हणून रुसून बसलेली माणसे आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. खरे सांगायचे तर आम्हीही कधी ना कधी रुसलो आहोत.

म्हणून आम्ही या पदाचा इतिहास वाचायला घेतला. वाचता वाचता इंग्लंडहून तिरुनेलवेलीला, आणि तिथून आपल्याच तेलंगणातल्या डोर्नकलला येऊन पोहोचलो. जे हाती लागले ते तुमच्यापुढे ठेवतो.

खुर्ची एकच, हात अनेक

‘कॅथेड्रल’ या शब्दाच्या मुळाशी एक ग्रीक शब्द आहे आणि त्याचा अर्थ आहे खुर्ची, आसन. ज्या मंदिरात बिशपांचे आसन असते ते कॅथेड्रल. हे आसन एका धर्मप्रांतात एकच असते. इ. स. 325 मध्ये निकैया येथे भरलेल्या परिषदेने दोन नियम घालून दिले. एका शहरात दोन बिशप असू नयेत, हा एक. आणि नव्या बिशपाच्या दीक्षेला निदान तीन बिशप हजर असावेत, हा दुसरा. पहिल्या नियमाने भांडणे टळली. दुसऱ्याने हे पक्के केले की कोणीही एकटा आपल्या बळावर बिशप होत नाही.

पण एक अडचण राहिलीच. शहर एक, भोवती खेडी शेकडो. एका माणसाने किती फिरावे? म्हणून जुन्या काळी पूर्वेकडच्या मंडळ्यांत ‘खेड्यांचे बिशप’ नेमले जात. त्यांचे अधिकार मर्यादित होते. इ. स. 314 च्या अंकिरा येथील परिषदेने त्यांना सांगितले की शहराच्या बिशपाच्या लेखी परवानगीवाचून पाळकांना दीक्षा देऊ नका. म्हणजे काम फार आणि हात कमी, ही तक्रारही जुनी आहे, आणि मदतीला माणूस घ्यावा पण त्याला किती मोकळीक द्यावी, हा पेचही तितकाच जुना आहे.

‘सफ्रगन’ हा शब्द लॅटिनमधल्या मत किंवा पाठिंबा अशा अर्थाच्या शब्दावरून आला. त्याचे दोन अर्थ आहेत, आणि तिथेच पुष्कळांचा घोटाळा होतो. पहिला अर्थ असा की एका महाबिशपाच्या हाताखाली जे निरनिराळ्या धर्मप्रांतांचे बिशप असतात, ते त्याचे सफ्रगन. दुसरा अर्थ असा की ज्याला स्वतःचा धर्मप्रांत नाही आणि जो दुसऱ्या बिशपाच्या धर्मप्रांतात त्याने सोपवलेले काम करतो, तो सफ्रगन. आमच्या मुलाने वाचलेल्या बातमीत हा दुसरा अर्थ होता.

इंग्लंडमध्ये या दुसऱ्या प्रकारच्या बिशपांसाठी राजा आठव्या हेन्रीच्या काळात, 1534 मध्ये, कायदा झाला. त्या कायद्यात 26 गावांची नावे घातली होती. डोव्हर, नॉटिंगहॅम, कोलचेस्टर, बेडफर्ड अशी ती गावे. ज्या बिशपाला मदतनीस हवा असेल त्याने दोन नावे राजाकडे पाठवायची, राजाने त्यातले एक निवडायचे आणि त्या माणसाला या गावांपैकी एकाचे नाव द्यायचे. नाव गावाचे, पण त्या गावावर स्वतंत्र सत्ता नाही. काम मोठ्या बिशपाने सांगितलेले: दृढीकरण देणे, पाळकांना दीक्षा देणे, दूरच्या मंडळ्यांना भेटी देणे. मोठे बिशप गेले की त्यांची जागा आपोआप याला मिळेल, असेही नाही.

पुढे हे पद इंग्लंडमध्ये बंदच पडले. कोलचेस्टरचे सफ्रगन म्हणून जॉन स्टर्न यांची 1592 मध्ये दीक्षा झाली. त्यांच्यानंतर अडीचशेहून अधिक वर्षे नवा सफ्रगन झाला नाही. अखेर 1870 मध्ये डोव्हर आणि नॉटिंगहॅम या दोन नावांनी ही परंपरा पुन्हा सुरू झाली. कायदा तोच, सव्वातीनशेहून अधिक वर्षांपूर्वीचा. गिरण्या आणि कारखान्यांमुळे शहरे फुगली होती, माणसे वाढली होती आणि एका बिशपाला ती भेटी देऊन पुरी होत नव्हती.

तर मुलाच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे: सफ्रगन हा अर्धा बिशप नव्हे. त्याच्या डोक्यावर तेच हात ठेवले जातात, तीच प्रार्थना होते, दीक्षा तीच. फरक असतो तो कारभाराच्या अधिकारात. देणगी पूर्ण आहे, हद्द मात्र दुसऱ्याने आखून दिलेली आहे.

तिरुनेलवेलीचे दोन सहायक

आपल्या देशात अँग्लिकन मंडळीचे पहिले बिशप 1814 मध्ये कलकत्त्यासाठी नेमले गेले. त्या एका धर्मप्रांतात कंपनी सरकारचा सारा मुलूख येत होता. मद्रासला 1835 मध्ये आणि मुंबईला 1837 मध्ये स्वतंत्र बिशप मिळाले. तरीही मद्रासच्या बिशपांकडे तमिळ आणि तेलुगू असा अफाट प्रदेश होता.

दक्षिण टोकाला तिरुनेलवेलीत मंडळ्या झपाट्याने वाढल्या. तेव्हा 1877 मध्ये मद्रासच्या बिशपांच्या मदतीला दोन सहायक बिशपांची दीक्षा झाली: रॉबर्ट कॉल्डवेल आणि एडवर्ड सार्जंट. दोघेही तिथे आधीपासून राबलेले मिशनरी होते, आणि दोन वेगवेगळ्या मिशन संस्थांचे होते. दोघांपैकी एकालाही स्वतःचा धर्मप्रांत नव्हता. तिरुनेलवेलीचा स्वतंत्र धर्मप्रांत 1896 मध्ये झाला, तोवर दोघेही प्रभूकडे गेले होते.

पण पाहा, कॉल्डवेल यांना आज कोण ओळखत नाही? द्राविडी भाषांचे तौलनिक व्याकरण 1856 मध्ये त्यांनीच लिहिले. तेलुगू, तमिळ, कन्नड, मल्याळम या एकाच घराण्याच्या भाषा आहेत हे त्या ग्रंथाने अभ्यासपूर्वक मांडले. त्यात आपल्या जंगलपट्ट्यातल्या गोंडीचाही विचार आहे. चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचा पुतळा उभा आहे. ते ज्यांचे सहायक होते त्या मद्रासच्या बिशपांचे नाव मात्र आपल्याला ग्रंथ उघडून शोधावे लागते. ते बिशप होते फ्रेडरिक गेल, तेही मोठे सेवक होते. त्यांना कमी लेखावे म्हणून हे लिहीत नाही. एवढेच सांगायचे आहे की कोण कुठल्या खुर्चीवर बसला यावरून त्याच्या सेवेचे मोल ठरत नाही.

याच तिरुनेलवेली भागात, वेळ्ळाळनविळै नावाच्या खेड्यात, 17 ऑगस्ट 1874 रोजी एका पाळकाच्या घरी मुलगा जन्मला. त्याचे नाव वेदनायगम सॅम्युएल अझरायाह. त्याचे बालपण या दोन सहायक बिशपांच्या काळातच गेले.

डोर्नकलचा प्रश्न

अझरायाह यांनी तरुणपणी वाय. एम. सी. ए. मध्ये काम केले. 1903 मध्ये तिरुनेलवेलीच्या ख्रिस्ती लोकांनी आपली स्वतःची मिशनरी संस्था काढली, त्यात त्यांचा पुढाकार होता. 1905 च्या नाताळच्या दिवशी सेरामपूर येथे राष्ट्रीय मिशनरी संस्था स्थापन झाली, तिच्या स्थापनेतही ते होते. दोन्ही संस्थांचा हेतू एकच होता: भारतातल्या माणसांनी, भारतातल्या पैशाने, भारतात सुवार्ता सांगावी. तिरुनेलवेलीच्या संस्थेने कामासाठी निवडलेला मुलूख होता निजामाच्या राज्यातला डोर्नकलचा परिसर. 1909 मध्ये अझरायाह स्वतःच तिथे सेवेला गेले. तमिळ माणूस तेलुगू शिकला आणि खेड्यापाड्यांत फिरू लागला.

मद्रासचे बिशप तेव्हा हेन्री व्हाइटहेड होते. तेलुगू खेड्यांत मंडळ्या वाढत होत्या आणि त्यांना मदत हवी होती. अझरायाह यांना आपले सहायक बिशप करावे, असा त्यांचा विचार झाला. आज आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही. पण तोवर अँग्लिकन मंडळीत एकही भारतीय बिशप झाला नव्हता. लगेच शंका निघाल्या. युरोपीय पाळक आणि मिशनरी भारतीय बिशपाच्या हाताखाली काम करतील का? कायद्यात ते बसते का? विरोध केवळ गोऱ्या लोकांकडूनच झाला असेही नाही. आपल्याच ख्रिस्ती लोकांपैकी काहींनाही हे मानवले नाही. जात, भाषा आणि प्रांत हे सारे त्यात आले.

त्याच सुमारास, 1910 मध्ये, एडिंबरा येथे जगभरच्या मिशनरी संस्थांची परिषद भरली. तिथे अझरायाह बोलायला उभे राहिले आणि त्यांनी सरळ सांगितले की परदेशी मिशनरी आणि भारतीय सेवक यांच्यात खरी मैत्री नाही. मिशनरी पुष्कळ त्याग करतात, पण आपल्या सहकाऱ्याला मित्र म्हणून जवळ घेत नाहीत. सभागृहातल्या अनेकांना ते झोंबले. हेही ध्यानात घ्या की त्यांच्या बिशपपदाचा विचार चालू असतानाच ते असे बोलले. पद मिळावे म्हणून गोड बोलणारा माणूस असे बोलला नसता.

आता खरा पेच पाहा. भारतीयाला सहायक करायचे म्हणजे काय करायचे? एका बाजूने ती त्याची सेवा ओळखण्याची वाट होती. दुसऱ्या बाजूने धोका असा होता की भारतीय माणूस कायम दुसऱ्याच खुर्चीवर बसेल आणि पहिली खुर्ची नेहमीच दुसऱ्यांसाठी राखलेली राहील. पद तेच, पण ते कोणाला आणि कशासाठी देतात यावर त्याचा अर्थ ठरतो.

शेवटी वाट निघाली ती अशी. डोर्नकल हा स्वतंत्र धर्मप्रांत करण्यात आला. आधी तो अगदी लहान होता. 29 डिसेंबर 1912 रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये अझरायाह यांना डोर्नकलचे बिशप म्हणून दीक्षा मिळाली. त्याच वेळी मद्रासच्या बिशपांचे सहायक म्हणूनही त्यांच्याकडे तेलुगू भागातले काम देण्यात आले. म्हणजे एकच माणूस आपल्या लहानशा धर्मप्रांतात पहिल्या खुर्चीवर होता आणि बाहेरच्या मोठ्या भागात दुसऱ्या. दोन्ही त्यांनी निष्ठेने सांभाळल्या. पुढे धर्मप्रांताची हद्द वाढली आणि कृष्णा, गोदावरीच्या काठच्या मंडळ्या त्यात आल्या. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माला आणि मादिगा समाजांतली हजारो कुटुंबे याच काळात प्रभूकडे आली.

तरी धोका खोटा नव्हता. 1912 पासून 1945 पर्यंत भारतात स्वतःचा धर्मप्रांत सांभाळणारे अझरायाह हे एकटेच भारतीय अँग्लिकन बिशप राहिले. त्या काळात आणखी भारतीय बिशप झाले ते सहायक म्हणून. तेहतीस वर्षे हा थोडा काळ नव्हे. हे आम्ही कडवटपणे लिहीत नाही, पण झाकूनही ठेवत नाही. मंडळीचा इतिहास प्रार्थनेत आणायचा तर तो जसा आहे तसाच आणला पाहिजे.

क्रम बदलतो

आम्हाला या इतिहासात सर्वात जास्त बोलून गेली ती पुढची गोष्ट. 1935 मध्ये डोर्नकलचे काम इतके वाढले होते की आता अझरायाह यांनाच सहायक हवा होता. त्यांचे सहायक बिशप झाले ए. बी. एलियट. हे चर्च मिशनरी सोसायटीचे युरोपीय मिशनरी होते. तेवीस वर्षांपूर्वी प्रश्न होता की गोरा माणूस भारतीय बिशपाच्या हाताखाली काम करील का. आता एक गोरा बिशप भारतीय बिशपाचा सहायक म्हणून दहा वर्षे राबला. 1 जानेवारी 1945 रोजी अझरायाह यांचे निधन झाले, आणि त्यांच्या मागून एलियट डोर्नकलचे बिशप झाले.

पवित्र शास्त्रात असाच एक क्रम बदललेला दिसतो. प्रेषितांची कृत्ये काढून पाहा. शौलाला शोधायला तार्सास गेला तो बर्णबा. त्याला अंत्युखियात आणले तेही बर्णबाने. आधी नावे येतात ती ‘बर्णबा व शौल’ अशी. तेराव्या अध्यायात, कुप्रानंतर, ती ‘पौल व बर्णबा’ अशी होऊ लागतात. बर्णबा यावर रुसला असे कुठेही लिहिलेले नाही. पुढे दोघांचा मतभेद झाला, पण तो मार्कासाठी, म्हणजे आणखी एका दुर्बळ माणसाला सोबत घ्यावे की नाही यावरून. आपले नाव मागे पडले यासाठी नव्हे.

आपल्या मराठी भागातही हे पद आले आहे. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या मिरी येथे काम केलेले फिलिप लॉइड 1925 मध्ये मुंबईच्या बिशपांचे सहायक झाले. चार वर्षांनी, 1929 मध्ये, नाशिकचा नवा धर्मप्रांत झाला आणि ते त्याचे पहिले बिशप झाले. आधी सहायक जातो, खेडी तुडवतो, माणसे जोडतो. मग त्या जमिनीवर नवा धर्मप्रांत उभा राहतो. तिरुनेलवेलीत असेच झाले, नाशिकलाही असेच झाले.

आमच्या आदिलाबादला तर दोन्हीकडची हवा लागते. हा जिल्हा पूर्वी निजामाच्या राज्यात होता, डोर्नकलसारखाच. 1956 मध्ये भाषेप्रमाणे राज्ये झाली तेव्हा किनवट आणि राजुरा मराठी म्हणून पलीकडे गेले. पण बेला, जैनद, तामसी भागातली मराठी घरे इकडेच राहिली. पैनगंगेच्या पलीकडे नागपूरचा जुना धर्मप्रांत आहे, 1903 सालचा. त्याचे एक बिशप अलेक्झांडर वूड हे आधी चांद्याच्या स्कॉटिश मिशनमध्ये राबलेले होते. दक्षिण भारतातली एकत्रित मंडळी 27 सप्टेंबर 1947 रोजी मद्रासला स्थापन झाली. तिच्यासाठी अझरायाह 1919 पासून झटले, पण तो दिवस पाहायला ते राहिले नाहीत. उत्तरेकडची एकत्रित मंडळी 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला झाली. नदीच्या एका काठावर एक, दुसऱ्या काठावर दुसरी, आणि लग्नकार्याला आपण दोन्हीकडे.

मंचेरियालहून विजयवाड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर वरंगल आणि महबूबाबादनंतर डोर्नकल जंक्शन लागते. जमले तर तिथे उतरून अझरायाह यांनी बांधवून घेतलेले कॅथेड्रल पाहा. 6 जानेवारी 1939 रोजी, प्रकटीकरणाच्या सणाला, ते प्रभूला वाहिले गेले. त्यात देवळासारखे खांब आहेत आणि मशिदीसारखे घुमट आहेत. आपल्या मातीतली सारी कारागिरी तिथे प्रभूच्या पायाशी आणली आहे. आणि आत बिशपांचे आसन आहे. ते एकच आहे. पण त्या आसनाभोवती किती जणांचे हात होते हे आता तुम्हाला ठाऊक आहे.

आजींना आणि त्या मुलाला

तर आजी, तुमचे वाक्य अर्धे खरे आहे. काम एकाचे आणि सही दुसऱ्याची, असे होते. मंडळीतही होते. जिथे एखाद्याला मुद्दाम दुसऱ्या खुर्चीवर अडकवून ठेवले जाते, जातीमुळे, भाषेमुळे, बाई आहे म्हणून किंवा गरीब आहे म्हणून, तिथे त्याला ‘नम्रतेने सेवा कर’ असे सांगणे हा उपदेश नाही, ती पळवाट आहे. अझरायाह यांनी एडिंबरात तोंड उघडले ते याचसाठी. आपणही उघडले पाहिजे.

पण जिथे दुसरी खुर्ची प्रेमाने दिली आहे आणि काम खरोखर समोर पडले आहे, तिथे तिचा कमीपणा मानू नये. रफीदीम येथे इस्राएल लढत होते तेव्हा मोशेचे हात थकले. अहरोन आणि हूर दोन्ही बाजूंनी उभे राहिले आणि सूर्य मावळेपर्यंत त्यांनी ते हात धरून ठेवले. निर्गमाच्या सतराव्या अध्यायात ही गोष्ट आहे. मोशेला त्यांनी बसायला दगड दिला आणि स्वतः उभे राहिले. त्या दिवशी त्यांना बसायला काहीच नव्हते.

आणि बाळा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर आता देतो. सफ्रगन म्हणजे अर्धा बिशप नव्हे. थकलेला हात धरणारा तो पूर्ण बिशप असतो. पुढच्या रविवारी आमच्याबरोबर खुर्च्या उचलायला ये. तू आज एक बाजू धर, आम्ही दुसरी धरतो. उद्या कदाचित तू पुढे असशील आणि आम्ही तुझ्या मागे. तेव्हा आम्ही रुसू नये, म्हणून आतापासूनच आमच्यासाठी प्रार्थना कर.

प्रभू येशू, तू शिष्यांचे पाय धुतलेस. आमच्या मंडळीत ज्यांना मुद्दाम मागे ठेवले आहे त्यांना पुढे आणण्याचे धैर्य आम्हाला दे, आणि ज्यांना तू मदतीला बोलावले आहेस त्यांना आनंदाने उभे राहण्याची कृपा दे. आमेन.